तहवाले गुरुजी

किन्हवलीच्या शाळेत मी रुजू व्हायला गेले त्या सकाळी शाळेच्या अंगणात मुलं कसलासा खेळ खेळत होती. काथ्याच्या लांब दोरीचा एक वेढा केला होता आणि त्यात वीसेक मुलं दाटीवाटीनं उभी होती. बाहेर एक उंच, बोडके गृहस्थ बंद छत्री भाल्यासारखी धरून मोठ्या आवाजात काही वाचत होते. "सही झाली," असं म्हणून त्यांनी छत्री जमिनीवर आपटली. दोरी खाली पडली आणि मुलं चहूकडे ओरडत सुटली. कुणी म्हणे आमी हंगेरी, कुणी म्हणे आमी पोलंड. एक मुलगी धापा टाकत माझ्यासमोर येऊन थांबली आणि म्हणाली, "बाई, जरा सरका. तुमी युगोस्लावियावर उभ्या हायसा."

मी सरकले. गुरुजी पुढे आले, माझ्याकडे पाहून म्हणाले, "नव्या बाई ना? बरं झालं आलात. मुलींना इटलीची हद्द नीट कळलेली नाही."

शाळेचे ते हेडमास्तर. गावात त्यांना सगळे 'तहवाले गुरुजी' म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसजवळच्या एका जुन्या राजवाड्यात एक तह झाला. व्हिएन्नाच्या बादशहाचं शेकडो वर्षांचं राज्य, ज्यात नाना भाषांचे, नाना वंशांचे लोक एका मुकुटाखाली कोंबलेले होते, ते त्या तहानं अधिकृतपणे मोडलं आणि त्यातून वेगवेगळे स्वतंत्र देश झाले. आमच्या पुस्तकात या गोष्टीला चार ओळी होत्या. गुरुजी त्या चार ओळी पाऊस उघडल्यापासून होळीपर्यंत शिकवत. बाकीचा भूगोल उरलेल्या वेळात उरकत. पण तोही असा उरकत, की सह्याद्रीचे घाट आमच्या मुलांना झोपेतून उठवून विचारले तरी ओळीनं सांगता येत.

खेळ त्यांचा स्वतःचा. दोरी म्हणजे बादशहाचं राज्य. तहाची कलमं वाचून झाली की दोरी सोडायची, आणि ज्यानं त्यानं आपापल्या जागी जाऊन आपल्या देशाचं नाव ओरडायचं. कुणब्यांची मुलं, ठाकरांची मुलं, पेठेतल्या दुकानदारांची मुलं, सगळी त्यात. पालकांना वाटे हा कुठला तरी शाळेचा सण आहे. एकदा एका आजीनं खेळ संपल्यावर नारळ आणून फोडला. गुरुजींनी खोबरं वाटलं, सण नाही म्हणून सांगितलं नाही.

हे वेड त्यांना लागलं ते नगरला. तरुणपणी, त्या महायुद्धाच्या काळात, ते तिथल्या परदेशी नजरकैद्यांच्या छावणीत कारकून होते. युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थानात जे जर्मन आणि ऑस्ट्रियाचे लोक व्यापाराला, नोकरीला आलेले होते, त्यांना सरकारनं धरून तिथे ठेवलं होतं. त्यांत काचेच्या बांगड्या आणि मणी विकणारा एक फिरता विक्रेता होता. मुंबईपासून पार मद्रासपर्यंतच्या कासारांना तो माल पुरवी. मोडकंतोडकं मराठी बोले. सरकारी दप्तरात तो 'ऑस्ट्रियन' होता, कारण त्याचा मुलूख तेव्हा व्हिएन्नाच्या बादशहाकडे होता. रोज सकाळी हजेरी होई. नाव पुकारलं की हा माणूस उभा राहून म्हणे, "हजर, पण चेक."

पहारेकरी हसत. एका गोऱ्या अंमलदारानं त्याला शिक्षा म्हणून उन्हात उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तेच म्हटलं. छावणीत होता तोवर रोज म्हटलं.

"आणि मग, बाई," गुरुजी सांगत, "युद्ध संपलं. राज्य मोडल्याची, तहाची बातमी आली. त्याला परत पाठवायचा दिवस आला, तेव्हा मीच टेबलाशी होतो. मी विचारलं, देश? तो म्हणाला, आता तुम्हीच लिहा. मी त्याच्या नव्या देशाचं नाव लिहिलं. या हातानं. एका बादशहाची प्रजा म्हणून आत आलेली माणसं आपापल्या देशाचे नागरिक म्हणून बाहेर गेली. मी पाहिलंय ते. मला कोण सांगतो की इंग्रजांचं राज्य चंद्रसूर्य असेतोवर टिकणार?"

हे ते अंगणात, खणखणीत आवाजात बोलत. शेजारी पोलिसपाटलाचं घर होतं. मी दबकत म्हणे, "गुरुजी, हळू." ते म्हणत, "भूगोल हळू शिकवता येत नाही."

गुरुजी काँग्रेसमध्ये नव्हते. खादी घालत नसत, म्हणत, "अंगाला टोचते, आणि टोचणारा मी एकटा पुरे आहे." प्रभातफेरीत गेले नाहीत. घोषणांचा त्यांना कंटाळा होता. त्यांचा बंडखोरपणा सगळा बारक्या गोष्टींत होता. ते कुणालाही 'साहेब' म्हणत नसत. मामलेदार असो की फौजदार, सगळ्यांना 'गृहस्थ'. समोरचा चिडला तर शांतपणे विचारत, "आपण गृहस्थ नाही काय?" शाळेत दोन मुलं मारामारी करताना सापडली तर त्यांना छडी मिळत नसे. दोघांना समोरासमोर बसवून पाटीवर तहाची कलमं लिहायला लावत. कोणी कोणाची पेन्सिल परत करायची, कोणी कोणाला चिडवायचं नाही. खाली दोघांच्या सह्या. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचा अंगठा. वाडीवरून येणाऱ्या मुलांना हजेरीपटात आधीच्या मास्तरांनी नुसतं 'वाडीवाला' म्हणून लिहून ठेवलं होतं, अमक्या वाडीवाला, तमक्या वाडीवाला. गुरुजींनी प्रत्येकाच्या घरी जाऊन आईला पूर्ण नाव विचारलं.

घरी काकू होत्या. काकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी, ठेंगण्या, गोऱ्या, तोंडानं फटकळ. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला सांगितला का तह?" मी म्हटलं, "सांगितला." "सगळा?" "बहुतेक." "मग तुम्हाला सवतच भेटली म्हणायची माझी," असं म्हणून त्यांनी माझ्यासमोर पोहे ठेवले. "लग्नाच्या पहिल्या वर्षी बाकीच्या बायकांचे नवरे गजरे आणत. यांनी मला पोलंडच्या सरहद्दी शिकवल्या."

"पाठ आहेत अजून," गुरुजी आतून म्हणाले.

"आहेत की. रोज ऐकल्यावर न राहून जातात कुठे."

पुढे जर्मनीच्या त्या हुकूमशहानं आधी ऑस्ट्रिया गिळला. तरी गुरुजींचा खेळ बंद झाला नाही. मग वर्षभरानं बातमी आली की चेक लोकांच्या राजधानीत जर्मन फौजा शिरल्या. वर्तमानपत्र किन्हवलीत एक दिवस उशिरा येई. गुरुजींनी ते शाळेच्या पायरीवर उभ्यानं वाचलं, घडी घातली, मला म्हणाले, "बाई, आज वर्ग सांभाळा," आणि घरी गेले.

संध्याकाळी मी चौकशीला गेले. गुरुजी ओल्या अंगानं पंचा नेसून ओसरीवर बसले होते. काकूंनी मला डोळ्यांनी खूण केली. "सुतक आहे," त्या म्हणाल्या. "थंड पाण्यानं आंघोळ केली यांनी."

"कुणाचं?"

"चेकोस्लोव्हाकियाचं."

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. गुरुजी समोरच्या आवाराकडे बघत होते. "तो बांगड्यावाला आता साठीचा असेल," ते म्हणाले. "उद्या त्याच्या गावात पुन्हा हजेरी घेतील. तो काय म्हणेल ते मला माहीत आहे. त्यानंतर त्याचं काय करतील तेही माहीत आहे."

काकू आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी आमटीला फोडणी दिली नाही. सुतकातलं जेवण जसं असतं तसं जेवण त्यांनी नवऱ्याला वाढलं आणि स्वतःही तेच जेवल्या. त्या माणसाचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी शाळेला युरोपचा नवा नकाशा आला. त्यात ते दोन्ही देश नव्हते; तिथे जर्मनीचा रंग पसरला होता. गुरुजींनी नवा नकाशा भिंतीवर लावला, कारण तो लावण्याचा हुकूम होता. त्याच्यावर त्यांनी जुना नकाशा लावला, कारण तसं करू नये असा हुकूम नव्हता.

मग तपासणी आली. तपासणीस मराठीच होते, वयस्क, दम्याचे. माणूस वाईट नव्हता. शहापुराहून बैलगाडीनं आल्यामुळे अंग मोडून गेलं होतं. मुलांच्या कवितांवर ते खूश झाले. मग भूगोल घ्यायला माझ्या वर्गाकडे वळले आणि भागी नावाच्या मुलीला उभं केलं. मला युगोस्लावियावरून सरकवणारी तीच.

"मध्य युरोपातले देश सांग, बाळ."

भागीनं विचारलं, "सरकारचे सांगू का गुरुजींचे?"

तपासणीस म्हणाले, "म्हणजे?"

"सरकारचे थोडे हायेत. गुरुजींचे लय हायेत. मना दोनी येतात."

तपासणिसांनी तिला बसायला सांगितलं आणि गुरुजींना बाजूला घेतलं. मी दाराशीच होते. ते म्हणाले, "गुरुजी, आपण अनुभवी माणूस. जे राज्य नाही ते आहे म्हणून कसं शिकवता? उद्या व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेत मुलांनी ही नावं लिहिली तर नापास होतील."

"मुलांना दोन्ही येतं. आपण आत्ताच ऐकलंत."

"पण भिंतीवर तुम्ही जुना नकाशा लावलाय."

"गृहस्थ, तह झाला होता. सह्या झाल्या होत्या. आपल्या सरकारचीसुद्धा सही आहे त्याच्यावर. कुणी बूट घालून आत शिरला म्हणून ती सही पुसली जाते का? तसं असेल तर मुलांना सह्या करायला शिकवूच नये."

"मी तुम्हाला हात जोडतो. तो नकाशा काढा. मी काही लिहीत नाही."

गुरुजींना त्या दमेकरी माणसाची दया आली असावी. मग म्हणाले, "मला काढता येणार नाही. आपण काढा. आपला अधिकार आहे."

तपासणीस खुर्चीवर चढले. धाप लागली म्हणून खिळ्यापर्यंत हात पोचेना. गुरुजींनी त्यांचा दंड धरून त्यांना सावरलं, खाली उतरवलं आणि पाणी दिलं. नकाशा तिथेच राहिला. जे व्हायचं ते झालं. गुरुजींचं हेडमास्तरपद गेलं आणि बदली झाली वैशाखऱ्याला, माळशेज घाटाच्या पायथ्याशी, एकशिक्षकी शाळेवर. निघताना काकूंनी तुळशीचं रोप तेवढं डब्यात घेतलं आणि म्हणाल्या, "चला, आमच्याही सरहद्दी बदलल्या."

वर्ष-दोन वर्षांत माझे यजमान, जे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांची मुरबाडला बदली झाली, आणि मलाही तिथल्या शाळेत जागा मिळाली. आमचं बिऱ्हाड टांगा-स्टँडासमोर होतं. गुरुजी बाजाराच्या दिवशी मुरबाडला येत. टोकावड्यापर्यंत पायी यायचं आणि तिथून इब्राहिमच्या टांग्यात बसायचं, असा त्यांचा क्रम. इब्राहिम मुरबाडचाच, पन्नाशीचा, बोलायला गोड. त्याच्या बापाचाही टांगा होता आणि आजाची छकडी होती. गुरुजी त्याच्या शेजारी पुढे बसत आणि वाटभर त्याला युरोप सांगत. इब्राहिम मला म्हणे, "बाई, माझ्या घोड्याला पन तह पाठ झालाय. हंगेरी आली का आपोआप थांबतो, तिथं चढ हाय."

मग दुसरं महायुद्ध ऐन भरात आलं. एके दिवशी तालुक्यातल्या सगळ्या शिक्षकांना मुरबाडला बोलावणं आलं. युद्ध कशासाठी चाललं आहे हे गावोगाव समजावून सांगण्यासाठी एक सरकारी व्याख्याते येणार होते. व्याख्याते सुटाबुटातले, मराठी उत्तम बोलणारे. त्यांनी एक मोठा रंगीत नकाशा उलगडला. ऑस्ट्रिया वेगळ्या रंगात, चेकोस्लोव्हाकिया वेगळ्या रंगात. "हे लहान लहान देश," ते म्हणाले, "यांचं स्वातंत्र्य हिरावलं गेलं. ते परत मिळवून देण्यासाठी आपलं सरकार लढत आहे."

मागच्या रांगेतून गुरुजी उठले.

"एक शंका आहे," ते म्हणाले. "हा नकाशा मी किन्हवलीच्या शाळेत लावला होता. त्यापायी मला घाटाच्या पायथ्याशी धाडलं. आता सरकार तोच नकाशा घेऊन माझ्यामागे मुरबाडपर्यंत आलं. मला आनंद आहे."

शिक्षक हसले. व्याख्यातेही सभ्यपणे हसले. "आपलं म्हणणं काळाच्या पुढे होतं म्हणायचं."

"शंका पुढेच आहे. चेक लोकांना त्यांचा देश मिळायला हवा, हे सरकारला मान्य. पोलंडला मान्य. मग आमच्या तहावर सही कुठल्या राजवाड्यात होणार, तेवढं सांगा. मला मुलांना सांगायचं आहे."

व्याख्यात्यांनी घड्याळ पाहिलं. बाजूला बसलेले एक अंमलदार उठले आणि चढ्या आवाजात म्हणाले, "नाव सांगा तुमचं. शाळा कुठली? हजेरी लागली आहे का तुमची?"

गुरुजी ताठ उभे होते. "हजर," ते म्हणाले, "पण हिंदुस्थानी."

त्या पावसाळ्यात 'चले जाव'ची चळवळ उठली आणि धरपकड झाली तेव्हा गुरुजींनाही उचललं. त्यांनी ना तार तोडली होती ना पूल. एक प्रश्न विचारला होता. काही महिने ठाण्याच्या तुरुंगात होते. नोकरी गेली. मी काकूंना आमच्याकडे येऊन राहा म्हणून निरोप पाठवला. त्यांनी उलट निरोप धाडला, "इथे वैशाखऱ्यात रोज कुणी ना कुणी भाकरी आणून देतं. मी निघाले तर लोकांना वाटेल गुरुजी परत यायचे नाहीत."

सुटून आले तेव्हा गाल बसले होते. मी विचारलं, "तिथे वेळ कसा घालवलात?"

"खेळ घेतला. दोरी देत नाहीत हो तुरुंगात. धोतरं बांधून केली."

सरकारी शाळेवर नवे मास्तर आले होते. गुरुजींनी ठाकरवाडीत एका पडवीत शाळा सुरू केली. जी मुलं खालच्या शाळेत कधी आलीच नव्हती ती तिथे यायला लागली. कुणी तांदूळ आणून दे, कुणी नागली, कुणी करवंदं. नव्या मास्तरांनी एकदा येऊन परवानगी आहे का असं विचारलं. गुरुजी म्हणाले, "शाळा सरकारची होती, ती सरकारला दिली. मुलं सरकारची नाहीत."

आणि मग, एका सकाळी, खरोखरच झालं. स्वातंत्र्य आलं. मी गुरुजींना मुद्दाम निरोप पाठवून मुरबाडच्या आमच्या शाळेत बोलावलं होतं. ते काकूंना घेऊन इब्राहिमच्या टांग्यातून आले. झेंडा वर गेला तेव्हा काकूंनी पदर डोळ्यांना लावला. गुरुजी रडले नाहीत. ते लहान मुलासारखे अधीर झाले होते. "दोरी आणा, बाई," ते म्हणाले. "आज आपली दोरी सोडायची."

दोरी आणली. मुलं आत शिरली. गुरुजी बोलू लागले, आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. दोरी पडली. मुलं ओरडत धावली. तेवढ्यात एका मोठ्या मुलानं विचारलं, "गुरुजी, पाकिस्तान कुठं उभं करायचं?"

कुणालाच ते व्हायचं नव्हतं. मग मुलांनी नसीमला पुढे ढकललं. नसीम म्हणजे इब्राहिमची नात, माझ्या दुसरीच्या वर्गातली. "तू हो, तू हो," मुलं म्हणू लागली आणि तिला अंगणाच्या पार कडेला, कुंपणापाशी नेऊ लागली. तिला खेळ कळत नव्हता, पण सगळ्यांपासून लांब उभं राहायचं आहे एवढं कळलं. ती वळून माझ्याकडे बघू लागली. फाटकाशी इब्राहिम उभा होता. तो पुढे आला नाही. घोड्याच्या मानेवर हात ठेवून नुसता बघत राहिला.

गुरुजी लांब ढांगा टाकत तिच्याकडे गेले, तिच्यासमोर उकिडवे बसले. "तुला कुठं उभं राहायचंय?"

नसीम पुटपुटली, "हितंच. बाईंजवळ."

"मग तिथेच," गुरुजी म्हणाले आणि तिला माझ्याजवळ आणून सोडलं. मुलांना म्हणाले, "खेळ संपला. खाऊ घ्या." तो खेळ त्यांनी पुन्हा कधी घेतला नाही.

खेळानंतर ते आमच्या घरी चहाला आले. काकूच म्हणाल्या, "आता सांगा बाईंना तो वाजंत्रीवाला." आणि तेव्हा मी ती हकिकत पहिल्यांदा ऐकली. नगरच्या छावणीत मुंबईच्या एका हॉटेलात फिडल वाजवणारा एक माणूस होता. परत पाठवायच्या वेळी तोही टेबलाशी आला. गुरुजींनी विचारलं, देश? तो म्हणाला, "मी गावाचं नाव सांगतो. देश तुम्हीच सांगा." त्याचं गाव तहात दुसऱ्या देशात गेलं होतं. तो ज्या भाषेत बोलत होता ती आता त्याच्या गावात परक्यांची भाषा होती. तो तिथेच जमिनीवर बसला आणि उठेना.

"मुलांना ही कधी सांगितली नाही," गुरुजी म्हणाले. "खेळात त्याला उभं करायला जागा नव्हती." मग कप खाली ठेवून म्हणाले, "सही व्हायलाच हवी होती, बाई. ते मी मागे घेणार नाही. बांगड्यावाल्याचीही आणि आपलीही. पण सही करणारे राजवाड्यात असतात. पुढचं आपल्यालाच बघावं लागतं."

दिवाळीनंतर कल्याणला निर्वासितांच्या गाड्या येऊ लागल्या. त्यांनी जे भोगलं होतं ते ऐकून अंगावर काटा येई. त्या हकिकती बाजारात पोचत आणि पोचेपर्यंत त्यांना धार चढे. गिरणीवाल्याचा मुलगा, तिशीचा तरणा गडी, एकदा स्टँडवर सगळ्यांदेखत इब्राहिमला म्हणाला, "काय चाचा, कराचीला कधी जाणार?"

इब्राहिम म्हणाला, "मी कल्यानच्या पुढं गेलेलो नाय रे बाबा. कराची कुठल्या रस्त्यावर हाय?"

लोक हसले, पण त्याच्या टांग्यात बसेनात. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, कुणी घोडा सोडून दिला नाही. नुसते सर्व्हिस मोटरची, म्हणजे प्रवासी बसची, वाट पाहत उभे राहत, ती दुपारनंतर येई तरी. एका बाजाराला त्याचा टांगा रिकामा आला आणि रिकामा गेला.

पुढच्या बाजाराला गुरुजी आले. काही खरेदी केली नाही. टांग्यातून उतरलेच नाहीत. मागच्या सीटवर वर्तमानपत्र उघडून बसून राहिले. मी खिडकीतून पाहत होते. ऊन कलंडलं तरी ते तिथेच. मी तांब्या घेऊन गेले. "गुरुजी, घरी येऊन बसा ना."

"मी गिऱ्हाईक आहे," ते म्हणाले. "टांगा भरायची वाट बघतोय."

भरला नाही. संध्याकाळी ते एकटेच त्यातून गेले. त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. गिरणीवाल्याचा मुलगा समोर येऊन उभा राहिला. "गुरुजी, आमाला शिकवलंत तुमी नाय, पन मान हाय तुमचा. कशाला बसता या टांग्यात? तिकडं आपल्या लोकांचं काय केलं त्यांनी, ऐकलंत ना?"

"ऐकलं. रडलो. तू कल्याणच्या छावणीत जाऊन आलास?"

तो टांग्याचं चाक पायानं ढोसू लागला.

"मी जाऊन आलो. काकूंनी गोधड्या दिल्या होत्या त्या पोचवल्या. या टांग्यानंच नेल्या कल्याणपर्यंत." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "ज्याला चाबूक मारायचाय त्यानं मारावा, मी इथे बसलोय. पण उतरणार नाही."

तो मुलगा निघून गेला. मारलं कुणी नाही. बसलंही कुणी नाही. इब्राहिम घोड्याला वैरण घालत होता. हळूच म्हणाला, "गुरुजी, जाऊ द्या. तुमची पाठ धरली असंल."

"धरली आहे," गुरुजी म्हणाले आणि बाजू बदलून बसले.

असे काही बाजार गेले. भातं झोडून झाली होती, रस्त्यावर धुरळा उडत होता. त्या दिवशी सर्व्हिस मोटर आलीच नाही. बिघडली होती की काय कोण जाणे. ऊन उतरायला लागलं. टोकावड्याकडची एक म्हातारी सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन ताटकळली होती. ती एकदा रस्त्याकडे बघे, एकदा टांग्याकडे. शेवटी सरळ टांग्यापाशी गेली आणि पाटी गुरुजींच्या पायाशी आदळली.

"सरका, गुरुजी. किती येल बसता एकलेच? आमाला घरला जायचं नाय काय? इब्राहिम, घे रे पाटी वर."

इब्राहिमनं पाटी घेतली. म्हातारी चढली. तिच्या मागून तिची सून चढली, कडेवरच्या पोरासकट. मग रांगेत उभा असलेला एक गडी मान खाली घालून आला, त्याच्या मागून आणखी एक. म्हातारी सगळ्यांना दटावून सरकवत होती. बघता बघता टांगा गच्च भरला आणि जागा कमी पडली तेव्हा गुरुजी खाली उतरले.

"तुमी बसा ना पुढं माज्या बाजूला," इब्राहिम म्हणाला.

"पुढे पाटी ठेव."

मी धावत रस्त्यावर गेले. "गुरुजी, आज आमच्याकडे राहा. एवढं अंतर चालत जाणार का आता?"

"वाटेत गाडी मिळेल एखादी." त्यांनी अवघडलेली पाठ सरळ केली. टांगा हलला होता. म्हातारी आतून काहीतरी जोरजोरात सांगत होती आणि लोक हसत होते. गुरुजी थोडा वेळ त्याकडे बघत राहिले.

"जागा नव्हती, बाई," ते म्हणाले आणि धोतराचा सोगा वर खोचून टांग्याच्या धुरळ्यातून चालू लागले.